प्रकल्प नोंदी: बरण्यांतल्या माशांची डिजिटल नोंदणी

८ जानेवारी

कपाटांची पाहणी संपली. उष्ण कटिबंधातल्या गोड्या पाण्याच्या माशांचा हा संग्रह तीन जागी आहे: बरण्यांत मासे, जाडजूड नोंदवह्यांत आवक, आणि मधल्या काळात कुणीतरी हौसेने टाइप केलेली कार्डं. तिन्हींचं आपसात पटेल अशी अपेक्षा कुणाचीच नाही.

सुरुवात कुठून करायची यावर बराच खल झाला. आधी नोंदवह्या टाइप करून घेतल्या तर काम झपाट्याने सरकतं, आकडा मोठा दिसतो, वरिष्ठही खूश. पण त्यातून हाती येते ती एकेकाळी काय आलं होतं त्याची यादी. मासा आज बरणीत आहे का, वाळून गेलाय का, कुणी अभ्यासाला नेऊन परत आणलाच नाही का, हे वहीला ठाऊक नसतं. म्हणून बरणी आधी, वही नंतर पडताळणीला.

नोंदीचं एकक लॉट: एका जातीचे, एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच माणसाने किंवा पथकाने पकडलेले मासे. त्यात एक मासा असेल किंवा तीनशे असतील. एका लॉटला एक क्रमांक, एक बारकोड.

आणि एक नियम, जो टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आहे. बरणीतल्या चिठ्ठीवर जे आहे ते जसंच्या तसं एका रकान्यात, आपण त्याचा लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात. गावाचं नाव चुकीचं लिहिलं असेल तर तेही तसंच उतरवायचं. जीवविविधतेच्या नोंदींसाठी २००९ मध्ये प्रमाण ठरलेल्या डार्विन कोअर साच्यात याची सोय आहेच. ‘व्हर्बेटिम’ने सुरू होणारे रकाने त्यासाठीच आहेत. बाकी काहीही बिघडलं तर नंतर सुधारता येतं. हे दोन रकाने एकदा एकत्र झाले की कोण काय म्हणालं होतं हे परत वेगळं काढता येत नाही.

१२ जानेवारी

बरण्या उघडायच्या खोलीची व्यवस्था. सत्तर टक्के इथेनॉलची वाफ साधारण १७ अंश सेल्सियसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे खोलीच्या नेहमीच्या तापमानाला धोका कायमच. तापणारे दिवे बाद, सगळे एलईडी. टेबलावर उघड्या बरण्या मोजक्याच, बाकीच्या झाकण लावून ट्रॉलीवर.

रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळालं तेव्हा तिथला कशेरुकी प्राण्यांचा संग्रह वेगळ्या इमारतीत होता म्हणून वाचला. कीटकांचा बहुतेक सगळा गेला. सुरक्षेचं प्रशिक्षण देणाऱ्या सहकाऱ्याने एवढंच सांगितलं आणि पुढे अग्निशामकाचा तास घेतला. कुणी जांभई दिली नाही.

१९ जानेवारी

फोटोचं बस्तान बसलं. बसायला हवं होतं त्याहून जास्त वेळ लागला, पण आता पद्धत पक्की आहे.

मासा उघड्यावर ठेवून फोटो काढला की ओल्या खवल्यांवर दिव्याचे पांढरे डाग उमटतात आणि नेमकी पार्श्वरेषा, म्हणजे माशाच्या अंगावरून जाणारी संवेदी छिद्रांची ओळ, त्यात हरवते. म्हणून काचेच्या पसरट ट्रेमध्ये मासा अल्कोहोलात पूर्ण बुडवायचा, खाली काळं कापड, दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे, भिंगावर पोलरायझिंग फिल्टर. मग बुडबुडे. छातीच्या पराखाली, कल्ल्याच्या झाकणाच्या कडेला, वासलेल्या तोंडात हवा अडकून बसते. मऊ कुंचल्याने एकेक बुडबुडा हुसकावा लागतो. मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय शेवटचा बुडबुडा दिसत नाही.

माशाची डावी बाजू कॅमेऱ्याकडे. हा जुना, जगभर पाळला जाणारा रिवाज आहे आणि त्यामुळेच दोन संग्रहालयांतले फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते. ऊतीचा तुकडा घ्यायचा तर उजव्या बाजूने. चौकटीत मोजपट्टी, रंगपट्टी आणि बारकोड हवाच. चिठ्ठीचा फोटो वेगळा, दोन्ही बाजूंनी. मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलेलं निघतं ते अनेकदा पुढच्या मजकुरापेक्षा कामाचं असतं.

पर उघडायला जोर लावायचा नाही. फॉर्मलिनमध्ये घट्ट झालेला आणि पुढे कित्येक दशकं अल्कोहोलात राहिलेला मासा वाळक्या फांदीसारखा मोडतो, आणि पराचा एक काटा तुटला की पुढच्या अभ्यासकाची मोजणी एकाने कमी भरते. कॅटफिशचा तर स्वतंत्र ताप. त्यांच्या छातीच्या पराचा काटा ताठ होऊन जागीच अडकतो, तसाच तो बरणीत जन्मभर राहतो, आणि एक मासा ओढला की मागून चार येतात.

रंगाविषयी एक सूचना सगळ्यांना दिली: संग्रहातल्या फोटोवरून जिवंत माशाचा रंग कुणी सांगू नये. निऑन टेट्राचं वर्णन १९३६ मधलं, कार्डिनल टेट्राचं १९५६ मधलं. जिवंतपणी दोघांत फरक करणं लहान मुलालाही जमतं: निऑनमध्ये लाल पट्टा शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात, कार्डिनलमध्ये डोक्यापासून शेपटीपर्यंत. बरणीत लाल रंग विरघळून जातो. निळी चमक ज्या ग्वानिनच्या पापुद्र्यांमुळे असते तेही फॉर्मलिनमध्ये हळूहळू नाहीसे होतात. उरतं ते मेलॅनिन, तेही काळ्याचं तपकिरी होत. मग खवले मोजा, दात पाहा, आणि चिठ्ठीवर कुठली नदी आहे ते वाचा. शेवटी चिठ्ठीच.

२३ जानेवारी

नव्या चिठ्ठ्यांची चाचणी. लेझर प्रिंटरवर छापलेली अक्षरं अल्कोहोलात सुटून तळाशी काळी भुकटी झाली. थर्मल ट्रान्सफर प्रिंटरची टिकली. शंभर वर्षांपूर्वी चिंध्यांच्या कागदावर काळ्या शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या अजून खणखणीत आहेत, हे इथे नोंदवून ठेवतो. जुनी चिठ्ठी बरणीतून काढायची नाही, नवी तिच्या शेजारी.

२ फेब्रुवारी

अक्षरवाचनाचा आठवडा. एकाच संग्राहकाचं अक्षर एकाच माणसाने वाचायचं, असं वाटप केलं. तिसऱ्या बरणीनंतर त्या हाताची सवय होते.

तारखांचं काय करायचं हा प्रश्न रोजचा. ‘३/४/११’ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? १९११ की १८११? शतक संग्राहकाच्या हयातीवरून सुटतं. महिना सुटत नसेल तर फक्त वर्ष भरायचं आणि मूळ आकडे तसेच दुसऱ्या रकान्यात. महिना रोमन अंकांत लिहिणारे लोक मला मनापासून आवडायला लागले आहेत. ‘३.IV.११’ यात भांडायला जागाच नाही.

ठिकाणांचा गुंता याहून मोठा. आज ‘स्टॅन्ली पूल’ची एक बरणी आली. काँगो नदी जिथे तळ्यासारखी रुंदावते ती ही जागा, आता पूल मलेबो. एका काठावर किन्शासा, जे १९६६ पर्यंत लिओपोल्डविल होतं, आणि समोर ब्राझाव्हिल. दोन देशांची हद्द पाण्यातून जाते. माशाने कुठल्या देशात जाळ्यात उडी मारली हे चिठ्ठीत नाही. काम करणाऱ्याचा हात आपोआप यादीतला पहिला काँगो निवडायला जातो, कारण प्रणालीत देशाचा रकाना रिकामा ठेवला की लाल चौकोन येतो. तो लाल चौकोन आज बंद करून घेतला. रिकामा रकाना म्हणजे माहिती नाही, आणि ते खरं आहे.

११ फेब्रुवारी

नावं. प्रचलित वैध नावासाठी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसची एश्मायर यांनी सुरू केलेली माशांची सूची वापरतो आहोत. तिच्यात नाव कुणी, कुठे, कधी दिलं आणि आज त्याची अवस्था काय, हे सगळं मिळतं.

पण बरणीतली जुनी नावंही नोंदीत हवीत, हे पटवायला वेळ लागला. ‘चुकीची नावं कशाला साठवायची?’ असा सवाल होता. त्यावर पश्चिम घाटातल्या लाल पट्ट्याच्या माशाची बरणी पुढे ठेवली. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये तो लेबिओ वंशात टाकला. पुढे तो बार्बस झाला, पुंटियस झाला, आणि २०१३ मध्ये सह्याद्रिया हा नवा वंश करून त्यात गेला. आज लिहायचं सह्याद्रिया डेनिसोनी (डे, १८६५). डे यांचं नाव कंसात, कारण त्यांनी दिलेला वंश बदलला आहे. आता एखाद्या जुन्या लेखात याच बरणीचा क्रमांक पुंटियस म्हणून छापलेला असेल, तर तो लेख आणि ही बरणी जोडणारा दुवा त्या टाकाऊ नावातच आहे. ओळख कुणी केली, कधी केली, हेही त्याच ओळीत. ‘सीएफ.’ आणि ‘ॲफ.’ ही शंकेची अक्षरं पुसून नाव स्वच्छ करायची नाहीत. ज्याने ती लिहिली त्याला शंका होती, आणि बहुधा योग्य होती.

नावाच्या बाबतीत एका दिवसाचाही फरक पडतो. कार्डिनल टेट्राला दोन नावं मिळाली, एक हौशी मत्स्यपालकांच्या मासिकात २० फेब्रुवारी १९५६ रोजी आणि दुसरं विद्यापीठाच्या पत्रिकेत २१ फेब्रुवारीला. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने पहिलं राखलं. पत्रिकावाल्यांना काय वाटलं असेल!

१५ फेब्रुवारी

दिवसभर अल्कोहोल भरणं. पाण्याआधी अल्कोहोल उडतं, त्यामुळे अर्धी झालेली बरणी सत्तर टक्क्यांनी भरली तर आतलं प्रमाण कमीच राहतं. घनतामापकावर मोजून, गरजेप्रमाणे जास्त टक्क्यांचं घालायचं. रबराच्या चकतीची जुनी झाकणं सर्वांत वाईट. रबर कडक झालं की फट पडते. ही सगळी झाकणं बदलण्याच्या यादीत.

२४ फेब्रुवारी

आज विजेच्या माशांचं कपाट. लोक याला ईल म्हणतात. खरं तर हा दक्षिण अमेरिकेतल्या नाइफफिशांच्या गटातला. १७६६ मध्ये लिनियसने नाव दिलं तेव्हापासून अडीचशे वर्षं जात एकच मानली गेली, इलेक्ट्रोफोरस इलेक्ट्रिकस. २०१९ मध्ये डीएनए, शरीररचना आणि अधिवास एकत्र पाहून तिच्या तीन झाल्या. गयाना ढालप्रदेशातली (ढालप्रदेश म्हणजे अतिप्राचीन खडकांचा उंच भाग) इलेक्ट्रिकस, ॲमेझॉनच्या सखल खोऱ्यातली वारी, आणि ब्राझिलियन ढालप्रदेशातली व्होल्टाई. व्होल्टाईचा झटका ८६० व्होल्टपर्यंत मोजला गेला, प्राण्यांमधला सर्वाधिक.

कपाटातल्या सगळ्या बरण्यांवर अर्थात ‘इलेक्ट्रिकस’. मग मोह असा होतो: ठिकाण बघा, नकाशा बघा, नाव बदला, पुढे चला. एका सहकाऱ्याने निम्मं कपाट तसं करूनही टाकायची तयारी केली होती. मी अडवलं. ठिकाणावरून ठरवलेली जात पुन्हा त्याच जातीच्या प्रसाराचा पुरावा म्हणून वापरली जाते, आणि मग वर्तुळ पूर्ण होतं. जिथे डोक्याचा आकार आणि पराच्या काट्यांची संख्या तपासून खात्री होते तिथे नवं नाव, तपासणाऱ्याच्या नावासकट. बाकीच्या ठिकाणी वंशापर्यंतच, आणि जुनी ओळख मागच्या रकान्यात.

डीएनएने हे बरण्यांतूनच का सुटलं नसतं, असं विचारणाऱ्यांसाठी: फॉर्मलिन ऊती पक्की करतं ते प्रथिनांची आणि डीएनएची गाठ बांधून. फॉर्मलिनने ऊती पक्की होते हे जर्मन डॉक्टर ब्लूम यांच्या लक्षात आलं १८९३ मध्ये, आणि मग सगळी दुनिया फॉर्मलिनकडे वळली. त्याआधी थेट मद्यार्कात टाकलेले नमुने कधीकधी जास्त सहज बोलतात. नव्या मोहिमांत फॉर्मलिनच्या आधीच ऊतीचा तुकडा वेगळा काढून ठेवतात.

५ मार्च

जिओरेफरन्सिंग, म्हणजे चिठ्ठीवरचं ठिकाण नकाशावर बसवणं. या प्रकल्पातला सर्वांत कंटाळवाणा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. फोटो पुन्हा काढता येईल, मासा तिथेच आहे. पण ‘गावाच्या वर दोन तासांच्या अंतरावर, ओढ्याच्या मुखाशी’ या ओळीचा नकाशावर अर्थ लावायला जी जुनी नकाशांची, मोहिमांच्या रोजनिशीची शोधाशोध लागते, ती दर वेळी नव्याने कुणी करणार नाही.

आम्ही बिंदू आणि त्रिज्या अशी पद्धत वापरतो. एक बिंदू, आणि त्याभोवती मासा नक्की ज्याच्या आत पकडला असेल असं वर्तुळ. त्रिज्या मीटरमध्ये, हिशेबासह. नुसता बिंदू दिला की वापरणारा त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. चिठ्ठीवर अक्षांश फक्त मिनिटापर्यंत असेल तर तिथेच सुमारे १.८५ किलोमीटरची ढिलाई आली. संगणकाने त्याचे दशांश केले की सहा आकडे दिसतात, ती अचूकता खोटी.

‘दोन तासांच्या अंतरावर’ म्हणजे चालत की होडीने? होडी प्रवाहाच्या दिशेने की उलट? एका संग्राहकाची रोजनिशी छापलेली सापडली, त्यात होडीला किती वल्हेकरी होते तेही आहे. त्रिज्या निम्म्यावर आली. मला असल्या दिवशी पगार घेताना संकोच वाटतो, पण घेतो.

नकाशावरच्या आजच्या नदीत बिंदू सरकवून बसवायचा नाही, हा दुसरा धडा. पाराना नदीवरच्या ग्वायरा धबधब्याखालचे मासे आहेत आपल्याकडे. तो धबधबा १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या जलाशयात बुडाला. त्याच्या वरच्या आणि खालच्या माशांची बिरादरी वेगळी होती. अडथळा बुडाल्यावर खालच्या जाती वर पोचल्या. चिठ्ठीवरचे ‘धबधब्याच्या खाली’ हे शब्द आणि सालही पुसलं, तर या बरणीचा उपयोगच संपतो. आजच्या उपग्रहचित्रात तिथे सपाट पाणी दिसतं आणि प्रणाली विचारते, ‘अधिवास: जलाशय?’ नाही बाई, नाही.

१३ मार्च

प्रकार-नमुने. ज्या माशावरून जातीचं नाव पहिल्यांदा दिलं तो होलोटाइप. बरणीच्या मानेला लाल फीत. या बरण्या क्युरेटरच्या उपस्थितीतच उघडल्या.

ब्लीकर यांच्या एका बरणीने दुपार खाल्ली. हा डच लष्करी डॉक्टर १८४२ ते १८६० डच ईस्ट इंडीजमध्ये होता, आणि त्याने वर्णन केलेल्या जातींची संख्या थक्क करणारी. पण प्रकार-नमुना वेगळा काढून ठेवायची त्याला गरज वाटली नाही. वेगवेगळ्या बेटांवरचे मासे एका जातीचे म्हणून एकाच बरणीत गेले. त्याच्या मृत्यूनंतर संग्रह विकला गेला आणि अनेक संग्रहालयांत पांगला. आता मूळ वर्णनात छापलेल्या लांब्या घ्यायच्या, बरणीतल्या प्रत्येक माशाची लांबी मोजायची, आणि जुळवत बसायचं. अल्कोहोलात मासा थोडा आकसतो, हे वर. एक जुळतो असं वाटतं. नोंदीत ‘संभाव्य सिनटाइप’ एवढंच लिहिलं; होलोटाइप वेगळा काढलेला नसला की मूळ वर्णनासाठी वापरलेला प्रत्येक मासा सिनटाइप. इथे फाजील धीटपणा केला तर त्या नावावर पुढची पन्नास वर्षं भांडणं होतात.

२२ मार्च

एक्स-रे सुरू. मणके मोजणं, पराखालचे आधारकाटे पाहणं, सगळं बरणीला धक्का न लावता. कार्प, टेट्रा, कॅटफिश या सगळ्यांत पहिल्या चार मणक्यांचा मिळून वाताशयापासून अंतर्कर्णापर्यंत आवाज पोचवणारा हाडांचा संच झालेला असतो, वेबेरियन साखळी. ती फिल्मवर पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. एका कॅटफिशच्या पोटात पूर्ण गिळलेला दुसरा मासा दिसला. त्याचीही वेगळी नोंद करायची का? केली.

सीटी स्कॅन निवडक बरण्यांचाच परवडेल. अमेरिकेतल्या १८ संस्थांनी २०१७ ते २०२३ मध्ये तेरा हजारांवर कशेरुकी नमुने स्कॅन करून खुले केले. त्यात जे वंश आधीच आले आहेत ते वगळले.

३० मार्च

बैठक, विषय: सगळं खुलं करायचं का?

वाद पेटला तो ब्राझीलच्या शिंगू नदीतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्लेको या कॅटफिशवरून, हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा, १९९१ मध्ये वर्णन झालेला. फक्त त्याच नदीत मिळतो आणि मत्स्यपालकांच्या बाजारात त्याला प्रचंड मागणी. एक बाजू म्हणाली, व्यापाऱ्यांना जागा आपल्याआधी ठाऊक आहेत. लपवून फक्त संशोधकांची अडचण. दुसरी बाजू म्हणाली, ठाऊक असतील मोठ्या नदीतल्या, ओढ्यांमधल्या नसतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी दुसरीकडे झुकलो.

ठरलं असं: बाजारात मागणी असलेल्या आणि मर्यादित प्रसाराच्या जातींचे सार्वजनिक बिंदू ०.१ अंशापर्यंत ढोबळ, म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण ११ किलोमीटर. ढोबळ केलं आहे हे नोंदीत स्पष्ट लिहायचं, आणि मूळ आकडे विनंतीवरून. पण चिठ्ठीचा फोटो? त्यावर ओढ्याचं नाव ढळढळीत आहे. हा मुद्दा बैठक संपता संपता निघाला आणि सगळे परत बसले. त्या जातींच्या चिठ्ठ्यांचे फोटोही आता बंद कप्प्यात.

९ एप्रिल

पहिला संच जीबीआयएफवर, म्हणजे जीवविविधतेच्या नोंदींच्या खुल्या जागतिक संकेतस्थळावर गेला. त्याआधी तीन दिवस साफसफाई. शून्य अक्षांश, शून्य रेखांशाच्या नोंदी गिनीच्या आखातात तरंगत होत्या. तिथे गोड्या पाण्याचा मासा सापडत नाही. ऋण चिन्ह गळल्यामुळे ॲमेझॉनचे काही टेट्रा थेट हिंदी महासागरात. देश आणि बिंदू न जुळणाऱ्या नोंदी प्रणालीने खुणावल्या. त्यांतल्या निम्म्या आपल्या चुका, बाकीच्यांत हद्दी बदललेल्या. हद्दीवाल्या तशाच ठेवल्या, शेरा लिहून.

दुपारी पहिली टपाल आली. एका टेट्राच्या फोटोवरून कुणा अभ्यासकाने लिहिलंय की हा त्या वंशातला वाटत नाही, पार्श्वरेषा अर्ध्यात थांबते, वरच्या जबड्यातल्या दातांचा जवळून फोटो मिळेल का. बरणी ट्रॉलीवर काढून ठेवली आहे. मॅक्रो भिंग सोमवारपर्यंत पक्षी विभागाकडे आहे, तोवर कॅटफिशांचं दुसरं कपाट घेतोय.